जोडीदारासह जर्मनीला जाताना: व्हिसाचे पर्याय दोघांच्या दृष्टीने कसे निवडावेत

जर्मनीत नोकरी लागली की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते: "आधी एकाने जावे, दुसऱ्याचे नंतर बघू." मला ही पद्धत मान्य नाही. पहिल्या माणसाने कोणता व्हिसा घेतला, यावरच दुसऱ्याचे बरेचसे भवितव्य ठरते. दुसऱ्याला नोकरी करता येईल का, भाषेची परीक्षा द्यावी लागेल का, किती महिने वेगळे राहावे लागेल, हे सारे त्या पहिल्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून दोघांची पात्रता पहिल्या दिवशी शेजारी शेजारी मांडावी आणि पर्याय निवडताना ज्याची बाजू कायद्याने दुबळी राहणार आहे त्याच्या हक्कांकडे आधी पाहावे. आम्ही पती-पत्नी या सर्व प्रक्रियेतून गेलो आहोत. त्या काळात जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती येथे क्रमाने दिली आहे.

१. देश पक्का करण्यापूर्वी जोडीदारासंबंधीचे नियम वाचा

प्रत्येक देशाचे जोडीदाराविषयीचे धोरण वेगळे असते आणि ते वरचेवर बदलते. ब्रिटनमध्ये शिकवणीवर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून जोडीदाराला सोबत नेता येत नाही. ११ मार्च २०२४ पासून तेथे नव्याने जाणाऱ्या केअर वर्करनाही ही सोय उरलेली नाही. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना मिळणारे खुले वर्क परमिट प्रामुख्याने सोळा महिने किंवा त्याहून अधिक काळाच्या मास्टर्स, पीएचडी आणि काही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते मर्यादित केले. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला मुख्य व्हिसाधारकाच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचल्याशिवाय नोकरी करता येत नाही.

या तुलनेत जर्मनीचा नियम जोडप्यांना बराच अनुकूल आहे. कुटुंब एकत्रीकरणाच्या आधारावर निवास परवाना मिळालेल्या जोडीदाराला तेथे पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्याला वेगळे वर्क परमिट घ्यावे लागत नाही आणि पगाराची किमान मर्यादाही लागू होत नाही. पुढचे सर्व विवेचन जर्मनीपुरते आहे.

२. तुमची जोडी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा

या टप्प्याला पुरेसा वेळ द्या. सुट्टीच्या दिवशी दोघांनी एकत्र बसून दोघांच्या पदव्या, अनुभवाची वर्षे, वय, भाषेची पातळी आणि हातातले ऑफर लेटर कागदावर मांडावे. त्यानंतर पुढील प्रकार पाहावेत.

*एकाकडे ब्लू कार्डला पात्र ठरणारी नोकरी आहे.* हा सर्वांत सरळ मार्ग आहे. ब्लू कार्ड म्हणजे ठराविक पगाराच्या वरची नोकरी असलेल्या कुशल परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारा निवास परवाना. २०२६ साठी ब्लू कार्डची किमान वार्षिक पगाराची अट ५०,७०० युरो आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांत, तसेच पदवी मिळून तीन वर्षांहून अधिक काळ न झालेल्यांसाठी ती ४५,९३४.२० युरो आहे. ही रक्कम दर वर्षी जानेवारीत बदलते. त्यामुळे डिसेंबरात आलेले ऑफर लेटर अगदी काठावरच्या पगाराचे असेल, तर अर्ज नव्या वर्षात गेल्यावर तोच पगार कमी पडू शकतो. आयटी क्षेत्रात पदवी नसली, तरी मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा समकक्ष अनुभव असल्यास कमी मर्यादेवर ब्लू कार्ड मिळू शकते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचे प्रमाणपत्र द्यावे लागत नाही. घर पुरेसे मोठे असल्याचा पुरावा देण्याची अटही कुशल कामगारांच्या जोडीदारांसाठी १ मार्च २०२४ पासून काढून टाकण्यात आली आहे. पगार ब्लू कार्डच्या मर्यादेत बसत नसेल, पण नोकरी शिक्षणाला साजेशी असेल, तर कुशल कामगाराचा साधा परवाना मिळतो, आणि त्याच्याही जोडीदाराला आता भाषेची अट नाही.

*दोघांकडेही स्वतंत्र नोकऱ्या आहेत.* अशा वेळी दोघांनीही ब्लू कार्ड घ्यावे की एकाने जोडीदार म्हणून जावे, असा प्रश्न पडतो. जोडीदाराच्या परवान्याला अनेक जण कमीपणाचे मानतात. तसे मानण्याचे कारण नाही. त्या परवान्यावर नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य जास्त असते. ब्लू कार्डधारकाला मात्र पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. असे असले, तरी ज्याच्या पगारात ब्लू कार्ड बसते त्याने ते स्वतःच्या नावावर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी केल्यावर, आणि जर्मन भाषेची बी१ पातळी (ए१ या सर्वांत खालच्या ते सी२ या सर्वांत वरच्या पातळीच्या क्रमातली मधली) असल्यास २१ महिन्यांतच, कायमस्वरूपी निवासाचा अर्ज करता येतो. ही मोजणी ब्लू कार्डवर केलेल्या नोकरीची असते, जोडीदार म्हणून काढलेले महिने तिच्यात धरले जात नाहीत. शिवाय दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तरी दुसऱ्याच्या निवासाच्या हक्काला त्यामुळे धक्का बसत नाही.

*कोणाकडेच ऑफर नाही, पण दोघेही शिकलेले आणि अनुभवी आहेत.* १ जून २०२४ पासून ऑपॉर्च्युनिटी कार्ड सुरू झाले आहे. त्यावर एक वर्षापर्यंत जर्मनीत राहून नोकरी शोधता येते. या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ कामही करता येते. गुणांच्या मार्गाने जायचे असेल, तर तुमच्या देशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण, आणि जर्मनची ए१ किंवा इंग्रजीची बी२ पातळी या मूलभूत अटी आहेत. त्यानंतर किमान सहा गुण लागतात. वय ३५ च्या आत असल्यास दोन गुण मिळतात. शिक्षणाशी संबंधित पाच वर्षांचा अनुभव मागच्या सात वर्षांतला असल्यास तीन, आणि इंग्रजीची सी१ पातळी असल्यास एक गुण मिळतो. म्हणजे जर्मन फारशी येत नसतानाही पुण्यातला एखादा अनुभवी अभियंता सहा गुणांपर्यंत पोहोचू शकतो. जोडप्यांनी लक्षात ठेवावी अशी एक तरतूद यात आहे: दोघांनी मिळून अर्ज केला आणि जोडीदारही कार्डासाठी पात्र ठरत असेल, तर त्याचा एक गुण मिळतो.

या कार्डाची अडचणीची बाजूही समजून घ्या. कार्ड जास्तीत जास्त एका वर्षाचे असते, त्यामुळे त्याच्या आधारावर जोडीदाराला बोलावून घेण्याची आशा धरू नये. सोबत जायचे असेल, तर दोघांनाही स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते आणि दोघांच्याही उदरनिर्वाहाची तरतूद वेगवेगळी दाखवावी लागते. २०२५ मध्ये ही रक्कम दरमहा माणशी १,०९१ युरो होती. वर्षाचे गणित केले, तर एकाचे १३,०९२ आणि दोघांचे २६,१८४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकतात. त्यातून दरमहा ठराविक रक्कमच काढता येते. त्यामुळे घराची अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे भाडे आणि विमानाचे तिकीट यांसाठी वेगळे पैसे हाताशी असावे लागतात. घरावर कर्ज काढून दोघांनी एकाच वेळी नोकरी सोडण्यापेक्षा, ज्याची पात्रता भक्कम आहे त्याने कार्डावर जावे आणि दुसऱ्याने भारतातली नोकरी चालू ठेवावी. पहिल्याला नोकरी लागून परवाना बदलला की दुसऱ्याने जोडीदार म्हणून अर्ज करावा. येथे "आधी एकाने जावे" हा सल्ला मीही देतो, पण तो दोघांचा हिशेब मांडून झाल्यानंतर.

*एक शिकायला जाणार, दुसरा सोबत.* विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. मात्र ती एकट्याच्या खर्चासाठी धरलेली असते. जोडीदाराला सोबत न्यायचे असेल, तर त्याच्या खर्चाची तरतूद त्याशिवाय दाखवावी लागते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. जोडीदारावर असे बंधन नसते. मात्र विद्यार्थ्याच्या जोडीदाराला सहसा जर्मनची ए१ परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक असते. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. विद्यार्थ्याला परवाना मिळण्यापूर्वीच विवाह झालेला असेल, तर जोडीदाराचा दावा भक्कम ठरतो. शिक्षण सुरू असताना मधल्या सुट्टीत येऊन लग्न केले, तर तोच अर्ज बऱ्याच अंशी अधिकाऱ्याच्या विवेकावर जातो. विद्यार्थ्याचे एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना बंधनकारक आहे. ते हातात येण्यास वेळ लागतो, त्यामुळे त्याची सुरुवात सर्वांत आधी करा.

*लग्न झालेले नाही.* जर्मनीत लिव्ह-इन जोडीदारासाठी व्हिसा नाही. ऑस्ट्रेलियाप्रमाणे एकत्र राहिल्याचे पुरावे देऊन तेथे भागत नाही. जर्मनीत जाऊन लग्न करण्यासाठीचा व्हिसा आहे, पण तेथील विवाह नोंदणी कार्यालय विवाहास पात्र असल्याचा दाखला मागते. भारत सरकार तसा दाखला देत नसल्याने त्यातून सूट मिळवण्यासाठी उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांपर्यंत कागद जातात. शक्य असेल, तर भारतातच विवाह नोंदवून मग अर्ज करणे पुष्कळ सोपे पडते. समलिंगी जोडप्यांना मात्र हा सोपा मार्ग उपलब्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही भारतात त्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७ पासून त्यांना विवाहाचा पूर्ण हक्क आहे. त्यामुळे त्यांच्यासाठी तेथे जाऊन विवाह करण्याचा व्हिसाच महत्त्वाचा ठरतो, आणि त्यासाठी भरपूर वेळ हाताशी ठेवावा लागतो.

३. पदवीची तपासणी दोघांचीही करा

आनाबिन या जर्मन माहितीकोशात तुमचे विद्यापीठ आणि तुमची पदवी या दोन्ही गोष्टी शोधाव्या लागतात. विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा हवा आणि पदवी जर्मन पदवीशी समकक्ष असल्याचे नोंदलेले हवे. दोन्ही नोंदींचे प्रिंट अर्जाला जोडावेत. जुन्या पदव्यांवर 'पुणे विद्यापीठ' असे नाव असते, तर २०१४ नंतरच्या पदव्यांवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' असते. संस्था एकच असल्याचे एका ओळीत लिहून दिले, तर अधिकाऱ्याचा गोंधळ टळतो. पदवी यादीत सापडत नसेल, तर झेडएबी या संस्थेकडून समकक्षतेचे निवेदन शुल्क भरून मागवावे लागते.

ज्याची नोकरी पक्की झाली आहे त्याचीच पदवी तपासून जोडपी थांबतात. जोडीदाराची पदवीही याच वेळी तपासून ठेवा. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक अशा नियमनाखालील व्यवसायांत व्यवसायाचा परवाना मिळाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि ती मान्यता मिळवण्याची प्रक्रिया दीर्घ असते. जोडीदाराच्या परवान्यावर "काम करण्याची मुभा" असे छापलेले असले, तरी दंतवैद्य पत्नीला त्या मुभेच्या जोरावर दवाखाना उघडता येत नाही. हे निघण्यापूर्वी दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

४. विवाह नोंदणी आणि नावांचा मेळ

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज येथेच अडतात. लग्नपत्रिका, फोटो किंवा मंगल कार्यालयाची पावती यांतले काहीही चालत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्रच लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर नोंदणी होते. अर्जावर वर-वधूंसह तीन साक्षीदारांच्या आणि विवाह लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्या लागतात. त्या गोळा करणे लग्नानंतर लगेच सोपे असते. पुढे गुरुजींचा पत्ता शोधत हिंडण्यापेक्षा लग्नाच्या आठवड्यातच हे उरकून घ्यावे. विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली विवाह करायचा असेल, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते. जर्मनीतून पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन हे जमत नाही.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर तेथेच खिडकीसमोर उभे राहून इंग्रजी भागातले प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम' या रकान्यात जाते, आणि त्यामुळे जर्मन कागदांवर ते तुमचेच दुसरे नाव ठरते. वधूच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव, प्रमाणपत्रावर लग्नानंतरचे नाव आणि पदवीवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव असेल, तर ही एकच व्यक्ती आहे हे अधिकाऱ्याला सिद्ध करून दाखवावे लागते. 'दीक्षित' हे आडनाव एका कागदावर 'एक्स' अक्षराने आणि दुसऱ्यावर 'केएसएच' असे लिहिलेले असेल, तर तोही आक्षेपाचा मुद्दा ठरू शकतो.

माझा सल्ला असा आहे की पत्नीने व्हिसाची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत नाव बदलू नये. कायद्याने तशी सक्ती नाही. नाव बदलायचेच असेल, तर पासपोर्ट, आधार आणि बँक खाते या सर्व ठिकाणी ते एकदमच बदलावे आणि नंतरच अर्ज भरावा. सासरच्या ज्येष्ठांना हे नीट समजावून सांगितले, तर ते सहसा समजून घेतात.

५. अपोस्टिलवर पैसे खर्च करण्यापूर्वी थांबा

परदेशी जायचे म्हणजे मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयातून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का, करून घ्यायचे, असे एजंट सर्रास सांगतात. अनेक देशांसाठी ते खरेही आहे. जर्मनीने मात्र भारताच्या अपोस्टिल करारातील प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे भारतीय कागदावरचे अपोस्टिल जर्मन कार्यालयांना बंधनकारक नसते. कागदाच्या खरेपणाविषयी शंका आली, तर जर्मन दूतावास स्थानिक पातळीवर त्याची पडताळणी करून घेतो. नोंदणी कार्यालयातील मूळ नोंद आणि तुमच्या हातातील प्रत यांत फरक आढळला, तर अर्ज मोडीत निघू शकतो. त्या पडताळणीला काही महिने लागतात आणि तिचा खर्च अर्जदाराला सोसावा लागतो. म्हणून पैसे अपोस्टिलवर घालवण्यापेक्षा मूळ नोंदीतल्या चुका दुरुस्त करून घेण्यावर घालवावेत.

६. भाषेची अट माफ असली तरी भाषा शिका

ए१ प्रमाणपत्र आवश्यक असेल, तर ते गोएथे, टेल्क किंवा ओएसडी यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचेच लागते. गल्लीतल्या क्लासचे प्रमाणपत्र चालत नाही. पुण्यात आणि मुंबईत गोएथे संस्थेच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होतात, पण जागा भराभर भरतात. ज्यांना अट माफ आहे अशा जोडीदारांनीही निघण्यापूर्वी निदान ए२ पर्यंत पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याला नोकरी आहे त्याचे ऑफिस इंग्रजीत चालते. दवाखाना, वीजजोडणी, मुलांची बालवाडी आणि घरमालकाची पत्रे मात्र जोडीदाराच्याच वाट्याला येतात, आणि ते सारे जर्मन भाषेत असते.

७. कागदपत्रे

नेमकी यादी व्हिसाच्या प्रकारानुसार बदलते, म्हणून दूतावासाच्या संकेतस्थळावरची चालू यादी अर्ज भरण्याच्या दिवशी पुन्हा उघडून पाहावी. जोडीदाराच्या अर्जासाठी साधारणपणे पुढील कागद लागतात:

- जोडीदाराचा पासपोर्ट, आणि जर्मनीत राहणाऱ्याच्या किंवा सोबत अर्ज करणाऱ्याच्या पासपोर्टच्या प्रती
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आवश्यक तेथे शपथबद्ध अनुवादकाकडून केलेल्या जर्मन अनुवादासह
- मुख्य अर्जदाराचा निवास परवाना किंवा व्हिसा, नोकरीचा करार आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या
- जर्मनीतील पत्त्याचा दाखला किंवा भाडेकरार, मुख्य अर्जदार तेथे पोहोचलेला असल्यास
- प्रवेशाच्या दिवसापासून लागू होणारा आरोग्य विमा
- लागू असल्यास ए१ प्रमाणपत्र
- पूर्वी विवाह झालेला असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पहिल्या जोडीदाराचा मृत्यू दाखला
- विहित मापाचे बायोमेट्रिक फोटो

मुले असतील, तर प्रत्येक मुलाचा स्वतंत्र अर्ज आणि जन्मदाखला लागतो.

८. अर्ज: एकत्र करावा की मागेपुढे

ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याच्या सोबतच जोडीदारालाही अर्ज करता येतो. माझ्या मते शक्य तेथे हाच मार्ग धरावा. वेगवेगळे राहून एकाने जर्मनीत घरभाडे आणि दुसऱ्याने भारतात हप्ते भरण्याचा ताण बहुतेक जोडपी कमी लेखतात. मागेपुढे जाण्याला सबळ कारण असेल, उदाहरणार्थ पत्नीची नोटीस पिरियड किंवा मुलाचे शालेय वर्ष, तरच तसे ठरवावे.

१ जानेवारी २०२५ पासून दीर्घ मुदतीच्या जर्मन व्हिसाचे अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात. कागदांची प्राथमिक छाननी झाल्यावर बोटांचे ठसे आणि मूळ कागद यांसाठी प्रत्यक्ष जावे लागते. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. पती बंगळुरूत आणि पत्नी नाशिकला राहत असेल, तर वास्तव्याचा पुरावा कोणाचा कोठला आहे, हे आधी तपासा. शुल्क प्रौढांसाठी ७५ युरो आणि अल्पवयीनांसाठी ३७.५० युरो आहे.

घाई असेल, तर नोकरी देणाऱ्या कंपनीने जर्मनीतूनच जलद प्रक्रिया सुरू करावी, अशी विनंती करावी. तिचे शुल्क ४११ युरो आहे. लगतच्या काळात अर्ज करणारे पती-पत्नी आणि अल्पवयीन मुले त्याच प्रक्रियेत सामावून घेता येतात. कंपनीचा एचआर विभाग हे आपणहून सांगेलच असे नाही, त्यामुळे ऑफर स्वीकारतानाच लेखी विचारावे.

दोन सापळ्यांपासून दूर राहा. पहिला असा, की पर्यटन व्हिसावर जोडीदाराला तेथे नेऊन "मग तिथेच बदलून घेऊ" असे कोणी सुचवले, तर ऐकू नका. भारतीय नागरिकांना साधारणपणे त्यासाठी परत येऊन योग्य व्हिसा घ्यावा लागतो. दुसरा सापळा अर्ज नाकारला जाण्याच्या संदर्भातला आहे. पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराचा लेखी अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा जर्मनीतील न्यायालयात जाणे एवढेच उरते. म्हणून अपुरा अर्ज आधी टाकून ठेवायचा आणि कमी पडलेले कागद नंतर द्यायचे, ही आपली सवय येथे महागात पडते.

९. पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. तात्पुरते घर घेताना तेथे नोंदणी करता येईल का आणि दोघांच्या नावे दाखला मिळेल का, हे आगाऊ भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. नोंदणीच्या वेळी विवाह प्रमाणपत्राचा जर्मन अनुवाद सोबत न्या. तुम्ही विवाहित असल्याची नोंद तेथे झाली नाही, तर करवर्ग चुकीचा लागतो आणि पगारातून जास्त कर कापला जातो. त्याच दिवशी टपालपेटीवर दोघांचीही आडनावे चिकटवा. पत्नीने माहेरचे आडनाव ठेवलेले असेल आणि पेटीवर फक्त पतीचे नाव असेल, तर पोस्टमन तिचा करक्रमांक, विमा कार्ड आणि कार्यालयाचे भेटीचे पत्र "येथे राहत नाही" असे समजून परत पाठवतो.

नोकरी करणारा सार्वजनिक आरोग्य विम्यात असेल, तर न कमावणाऱ्या जोडीदाराला त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता सामील होता येते. २०२६ मध्ये त्यासाठी जोडीदाराचे मासिक उत्पन्न ५६५ युरोंच्या आत असावे लागते. मिनीजॉब, म्हणजे अल्प पगाराची छोटी नोकरी, असल्यास ही मर्यादा ६०३ युरो आहे. खासगी विम्यात ही सोय नसते. तरुणपणी स्वस्त वाटणारा खासगी विमा जोडप्याला पुढे बराच महाग पडतो.

डी व्हिसाची, म्हणजे ज्यावर तुम्ही जर्मनीत प्रवेश केला त्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची, मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डमध्ये, निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून आनमेल्डुंग झाल्याबरोबर अर्ज करा आणि अर्ज पोहोचल्याची पावती जपून ठेवा. मुदत संपत आली आणि कार्ड आले नाही, तर अंतरिम दाखला मिळतो. तो दाखला निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाखालचा आहे की तिसऱ्या, हे वाचल्याशिवाय भारतात येण्याचे तिकीट काढू नका. चौथ्या उपकलमाखालच्या दाखल्यावर परत प्रवेश मिळतो. तिसऱ्यावर तसा मिळत नाही.

१०. जोडीदाराचा स्वतंत्र हक्क

जोडीदार म्हणून मिळालेला परवाना सुरुवातीला वैवाहिक सहवासावर अवलंबून असतो. जर्मनीत तीन वर्षे एकत्र राहिल्यानंतर, विवाह मोडला तरी जोडीदाराला स्वतंत्र निवासाचा हक्क मिळतो. घरात हिंसाचार होत असेल, तर कायद्यात असह्य अडचणीची तरतूद आहे आणि तीन वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. "तक्रार केलीस तर तुला भारतात परत पाठवतील," अशी धमकी कोणी देत असेल, तर हे लक्षात ठेवा. स्त्रियांसाठीची मोफत हेल्पलाइन ११६ ०१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि अनेक भाषांत उपलब्ध असते.

संसार सुखाचा असला, तरी जोडीदाराने आपला पासपोर्ट, निवास परवाना, पदव्यांच्या मूळ प्रती आणि विवाह प्रमाणपत्राची एक प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी, तसेच स्वतःच्या नावाचे बँक खाते पहिल्याच महिन्यात उघडावे. चांगली नोकरी लागली आणि पगार ब्लू कार्डच्या मर्यादेत बसला, की जर्मनीतच, भारतात परत न येता, परवाना स्वतःच्या ब्लू कार्डमध्ये बदलता येतो. नोकरीच्या करारावर सही झाली की त्याच आठवड्यात आउसलेंडरबेहोर्डला त्यासाठी लिहावे. अर्जासोबत करार, पदवी आणि आनाबिनमधील नोंदीचे प्रिंट जोडावेत. तिसऱ्या टप्प्यात जोडीदाराची पदवी तपासून ठेवली असेल, तर हे कागद त्या वेळी तयार असतील.